बारा दिवसांची वाट आणि सानगडीचें धान

भंडारा जिल्ह्यांतील साकोली तालुक्यांत सानगडी नांवाचें गांव आहे. गांवाला जुन्या किल्ल्याची खूण आहे, भोंवतालीं पूर्वजांनीं बांधलेले तलाव आहेत, आणि त्या तलावांच्या भरंवशावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या आहेत. मुंबईच्या मलबार हिलवरील बंगल्यांपासून हें गांव इतकें दूर आहे कीं, तेथील मोटारींच्या ये-जाशीं ह्या बांध्यांचा कांहीं संबंध असेल, अशी कल्पनाहि सहसा कोणी करणार नाहीं. तथापि २०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत तो संबंध आम्हीं प्रत्यक्ष पाहिला. आणि त्यांत आमच्या एका आप्ताचें जें नुकसान झालें, तेंच हा लेख लिहिण्यास निमित्त झालें आहे.

सानगडीस आमचें आजोळ. दिवाळी होऊन गेली होती. हलकें धान कापून, चुरून घरांत आलें होतें. भारी धानाचे पुंजणे अजून बांध्यांत उभे होते. थोरले मामा, धाकटे मामा, त्यांच्या सुना, नातवंडें, आणि नागपुरास शिकणारा व सुटीत घरीं आलेला एक पुतण्या, एवढें मोठें कुटुंब एकाच छपराखालीं नांदतें. शेत मात्र सातबाऱ्यावर निरनिराळ्या नांवांवर आहे. आणि ही बारीकशी गोष्ट पुढें महत्त्वाची ठरली.

२० नोव्हेंबरला मतदान झालें आणि २३ तारखेस, शनिवारीं, मतमोजणी झाली. २८८ जागांपैकीं २३० जागा महायुतीस मिळाल्या. त्यांत भारतीय जनता पक्षाच्या १३२, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेच्या ५७ आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसच्या ४१ होत्या. इतकें निर्विवाद बहुमत मिळाल्यावर सरकार दुसऱ्या दिवशीं उभें राहील असें सर्वांसच वाटलें. प्रत्यक्षांत मुख्यमंत्र्यांचा शपथविधि ५ डिसेंबरच्या सायंकाळीं झाला. मधले जे बारा दिवस गेले, त्या बारा दिवसांत महाराष्ट्रांतील घराघरांतून काय काय ऐकलें गेलें आणि काय काय खरें मानलें गेलें, ह्याचा हिशेब कोणी ठेवला असेल असें वाटत नाहीं. आम्हीं मात्र एका घराचा हिशेब पाहिला.

मोजणीच्या दिवशींच धिराची पहिली परीक्षा होऊन गेली होती. सानगडी ज्या साकोली मतदारसंघांत येते, तेथें काँग्रेसचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष नाना पटोले उभे होते, आणि त्यांच्यासमोर भाजपाचे अविनाश ब्राह्मणकर होते. माजघरांतील दूरचित्रवाणीचा संच एक सांगत होता, पुतण्याच्या हातांतील मोबाईल दुसरें सांगत होता, आणि साकोलीहून येणारे निरोप तिसरेंच सांगत होते. पटोले अखेर २०८ मतांनीं निवडून आले. लक्षावधि मतांच्या मोजणींत २०८! एवढें अंतर एखाद्या मोठ्या लग्नाच्या एका पंगतींतहि भरून निघतें. ज्यांनीं दुपारींच कोणाचा तरी जय किंवा पराजय घोषित करून टाकला होता, त्यांनीं तो कशाच्या आधारावर केला होता, हें विचारण्यास संध्याकाळीं कोणासच सवड नव्हती. त्यांनाहि नाहीं, आणि ऐकणाऱ्यांनाहि नाहीं.

रविवारीं सकाळीं पुतण्या मोबाईल घेऊन पडवींत आला.

“काका, २६ तारखेच्या आंत सरकार झालें नाहीं तर राष्ट्रपति राजवट! हें पाहा, आलेंच आहे.”

थोरल्या मामांनीं चष्मा कपाळावर चढवून विचारलें, “अरे, पण कोणीं लिहिलें आहे तें?”

“सगळीकडे आलें आहे, काका.”

ह्या प्रश्नाला हें उत्तर नव्हे, हें थोरल्या मामांच्या ध्यानांत आलें; धाकट्या मामांच्या आलें नाहीं. त्यांच्या मनानें तेथून पुढची वाट स्वतःच चालून काढली. सरकार नाहीं म्हणजे मंत्री नाहीं, मंत्री नाहीं म्हणजे खरेदी नाहीं, खरेदी नाहीं म्हणजे बोनस कसला, आणि तोंवर घरांत पडलेल्या धानाला उंदीर लागणार. सोमवारीं एक व्यापारी दारांत आला. त्यानेंहि तेंच ऐकलें होतें, किंवा ऐकल्याचें सांगितलें. धाकट्या मामांनीं आपल्या नांवावरील तीन एकरांचें हलकें धान, पस्तीस क्विंटल, हमीभावाहून क्विंटलमागें सुमारें तीनशें रुपये कमी घेऊन देऊन टाकलें. शासकीय खरेदीसाठीं जी नोंदणी करावी लागते तीहि त्यांनीं केली नाहीं. विकलेल्या धानाची नोंदणी कशाला, असा त्यांचा हिशेब.

आतां त्या बातमींत तथ्य किती होतें तें पाहूं. विधानसभेची मुदत तिच्या पहिल्या बैठकीपासून पांच वर्षांची, असें राज्यघटनेच्या १७२ व्या कलमांत सांगितलें आहे. मागील सभेची पहिली बैठक २७ नोव्हेंबर २०१९ रोजीं झाली असल्यामुळें तिची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ रोजीं संपत होती, इतकें खरें. परंतु जुनी सभा संपणें म्हणजे नवी सभा नसणें नव्हे. लोकप्रतिनिधित्वाचा जो १९५१ चा कायदा आहे, त्याच्या ७३ व्या कलमान्वयें निवडून आलेल्या सभासदांचीं नांवें राजपत्रांत प्रसिद्ध झालीं कीं नवी सभा रीतसर घटित झाली असें समजण्यांत येतें. तें राजपत्र निवडणूक अधिकाऱ्यांनीं २४ नोव्हेंबरला, रविवार असूनहि, राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन् यांच्या हातीं दिलें होतें. म्हणजे ज्या दिवशीं आमच्या पडवींत राष्ट्रपति राजवटीची चर्चा चालली होती, त्याच दिवशीं तिची कायदेशीर गरज संपली होती! मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपालांनीं करावी असें १६४ वें कलम सांगतें. किती दिवसांत करावी हें तें सांगत नाहीं. २६ तारखेस एकनाथ शिंदे यांनीं राजीनामा दिला, आणि पुढील व्यवस्था होईपर्यंत काळजीवाहू म्हणून काम पाहण्यास राज्यपालांनीं त्यांस सांगितलें. राज्य एक दिवसहि निर्नायकी नव्हतें.

धानाच्या बाबतींत तर भीतीला मुळींच आधार नव्हता. हमीभाव ठरवितें केंद्र सरकार. त्या हंगामाचा साधारण धानाचा भाव क्विंटलला २,३०० रुपये हा जून महिन्यांतच ठरून गेला होता. खरेदीचें काम पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्याकडे. मलबार हिलवर कोण राहावयास येतो, ह्यावर त्यांपैकीं कशाचेंच अवलंबन नव्हतें. इतकेंच काय, राष्ट्रपति राजवट खरोखर आली असती तरीहि शेतकऱ्यांचें कामकाज बंद पडतें असें नाहीं. २०१९ च्या नोव्हेंबरांत ती आली होती. आणि तीच राजवट चालूं असतां १६ तारखेस राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनीं अवकाळी पावसानें बुडालेल्या खरीप पिकांस हेक्टरी ८,००० रुपये आणि फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांस १८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, जाहीर केले होते. रक्कम पुरेशी होती काय, हा वाद निराळा. पण दप्तर उघडें होतें.

२०१९ चें नांव निघालें आहे तर त्याविषयीं थोडें अधिक लिहिणें अवश्य आहे. कारण तर्कावर जगणाऱ्या वृत्तव्यवसायाची जी फजिती त्या वर्षीं झाली, तशी आमच्या पाहण्यांत दुसरी नाहीं. २४ ऑक्टोबरला निकाल लागले. भाजपास १०५, शिवसेनेस ५६, राष्ट्रवादीस ५४, काँग्रेसला ४४. एकत्र लढलेल्या दोन पक्षांचें मुख्यमंत्रिपदावरून बिनसलें. ८ नोव्हेंबरला देवेंद्र फडणवीस यांनीं राजीनामा दिला. राज्यपालांनीं एकामागून एक तीन पक्षांस विचारणा केली. १२ तारखेस राष्ट्रपति राजवट लागू झाली. त्यानंतर दहा दिवस दिल्लींत आणि मुंबईंत बैठका झाल्या. २२ तारखेच्या संध्याकाळीं शरद पवार यांनीं उद्धव ठाकरे यांच्या नांवावर एकमत झाल्याचें सांगितलें, आणि रात्रीं छापखाने सुरू झाले.

२३ नोव्हेंबरच्या सकाळीं महाराष्ट्रांत घरोघर जीं वर्तमानपत्रें पडलीं, त्यांच्या पहिल्या पानावर ठाकरे मुख्यमंत्री होणार असें मोठ्या अक्षरांत छापलेलें होतें. वाचकांनीं चहाचा पेला हातांत घेऊन तें वाचलें, आणि सहज म्हणून दूरचित्रवाणी लावली, तों राजभवनांत फडणवीस मुख्यमंत्रिपदाची आणि अजित पवार उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेऊन मोकळे झाले होते! राष्ट्रपति राजवट पहांटे पावणेसहाच्या सुमारास उठविण्यांत आली होती, आणि आठाच्या सुमारास शपथ झाली होती. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांनीं तें वर्तमानपत्र जपून ठेवलें आहे. नातवाला दाखवावयास उपयोगी पडेल, असें ते म्हणतात.

त्या प्रसंगांत खरें धैर्य कोणीं दाखविलें, असें विचाराल तर आम्ही सर्वोच्च न्यायालयाकडे बोट दाखवूं. दुसऱ्या दिवशीं रविवार होता. तरी न्यायालय बसलें. सोमवारीं सर्व बाजू ऐकून घेतल्या. मंगळवारीं, २६ तारखेस, आदेश दिला कीं, २७ तारखेच्या सायंकाळीं पांचाच्या आंत सभागृहांतच बहुमत सिद्ध करावें. मतदान गुप्त नसावें. आणि सर्व कामकाज लोकांस थेट पाहतां यावें. बहुमताची परीक्षा राजभवनाच्या दिवाणखान्यांत नव्हे, सभागृहांत व्हावी, हें तत्त्व १९९४ सालीं बोम्मई खटल्यांत ठरलेलें होतें. न्यायालयानें त्यास केवळ तारीख आणि वेळ जोडली. परीक्षेची वेळ येण्यापूर्वींच अजित पवारांनीं आणि पाठोपाठ फडणवीसांनीं राजीनामे दिले, आणि २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर ठाकरे यांचा शपथविधि झाला. पुढें १ डिसेंबरला विधानसभेचे अध्यक्ष म्हणून अविरोध निवड झाली ती साकोलीच्या नाना पटोले यांचीच. त्या दिवशीं सानगडींत पेढे वांटले गेल्याचें थोरल्या मामी अजून सांगतात. त्या पेढ्यांस पक्ष नव्हता, असेंहि त्या आवर्जून सांगतात.

असो. आपण पुन्हां २०२४ कडे येऊं. २७ नोव्हेंबरला शिंदे यांनीं वार्ताहरांस बोलावून सांगितलें कीं, पंतप्रधान आणि अमित शहा जो निर्णय घेतील तो आपणांस मान्य राहील, आपण अडथळा होणार नाहीं. २८ तारखेच्या रात्रीं दिल्लींत बैठक झाली. २९ ला शिंदे साताऱ्याकडील आपल्या दरे ह्या गांवीं गेले, आणि तेथें त्यांस ताप आला. एवढ्या साध्या घटनेवर जे तर्क लढविले गेले, ते ऐकून आम्हांस तापाचीच दया आली. मनुष्य आपल्या गांवीं गेला तर नाराज, न गेला तर वाटाघाटींत गुंतलेला. बोलला तर दबाव आणणारा, न बोलला तर अस्वस्थ. १ डिसेंबरला ते ठाण्यास परतले. मधल्या काळांत पुण्याचे खासदार व केंद्रीय राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांचें नांव मुख्यमंत्रिपदासाठीं फिरूं लागलें, तेव्हां ह्या चर्चेंत तथ्य नाहीं हें त्यांनाच जाहीर करावें लागलें. आणि सर्वांत मौजेची गोष्ट ही कीं, ३० नोव्हेंबरला चंद्रशेखर बावनकुळे यांनीं शपथविधीचें स्थळ, दिवस आणि वेळ जाहीर केली: आझाद मैदान, ५ डिसेंबर, सायंकाळीं पांच. वराचें नांव मात्र पत्रिकेवर नव्हतें. विधिमंडळ पक्षानें फडणवीसांची निवड केली ती ४ डिसेंबरला.

ह्या ठिकाणीं वृत्तव्यवसायाची बाजूहि मांडली पाहिजे. लोकांनीं कौल दिल्यावर तो कसा वापरला जात आहे हें विचारणें हा वर्तमानपत्रांचा अधिकारच नव्हे तर धर्म आहे. बंद दारांआड बसणाऱ्यांनीं बाहेर कांहींच सांगावयाचें नाहीं असें ठरविलें, तर बाहेर उभा राहिलेला वार्ताहर दार कितीदां उघडलें हेंच मोजीत बसणार. पूर्वीं ही मोजणी दुसऱ्या दिवशींच्या अंकापुरती असे. संपादक रात्रीं तिच्यांतील निम्मी खोडून टाकी. आतां चोवीस तास बोलत राहावें लागतें, आणि सांगण्यासारखें तर दिवसांतून दोनदांच घडतें. उरलेले बावीस तास ‘सूत्रें’ भरून काढतात. ह्या सूत्रांविषयीं आम्हांस फार दिवसांपासून कुतूहल आहे. तीं कधीं चुकत नाहींत; चुकतें तें केवळ राजकारण. दुसरी नवलाई प्रश्नचिन्हाची. व्याकरणांत प्रश्नचिन्ह जिज्ञासा दाखवितें. हल्लींच्या मथळ्यांत तें जबाबदारीतून सुटका दाखवितें. ‘राज्यांत राष्ट्रपति राजवट?’ असें लिहिणाऱ्यास उद्यां कोणी जाब विचारला, तर तो म्हणेल, आम्हीं सांगितलें कोठें, आम्हीं तर विचारलें. पण साकोलीच्या पलीकडे जातां जातां तें प्रश्नचिन्ह गळून पडतें, आणि पडवींत पोंचतें तें नुसतें वाक्य.

हा रोग आपल्याच देशांत आहे असें नव्हे, आणि तो नवाहि नव्हे. १९४८ सालच्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकींत शिकागो ट्रिब्यून ह्या पत्रानें मोजणी पुरी होण्यापूर्वींच ड्यूई यांनीं ट्रूमन यांचा पराभव केल्याचें छापून टाकलें. आणि निवडून आलेले ट्रूमन हंसत हंसत तोच अंक लोकांस उंच करून दाखवीत असल्याचें छायाचित्र अजून जगभर पाहिलें जातें. २००० सालीं तर वाहिन्यांनीं फ्लॉरिडा राज्य प्रथम गोर यांस दिलें, मग काढून घेतलें, मध्यरात्रीनंतर बुश यांस दिलें, आणि पुन्हां काढून घेतलें. निकाल लागावयास पांच आठवडे गेले. अखेरचें अंतर ५३७ मतांचें. साकोलीच्या लोकांस तो आंकडा ऐकून फार मोठा वाटला नाहीं.

त्या देशांत निवडून येणें आणि खुर्चीवर बसणें ह्यांत पूर्वीं चार महिन्यांचें अंतर असे. १९३३ सालीं घटनेंत दुरुस्ती होऊन शपथेचा दिवस ४ मार्चवरून २० जानेवारीवर आला. तरी अडीच महिने उरलेच. उलट, अध्यक्षच मध्यें गेला तर तेथें क्षणाचाहि खोळंबा चालत नाहीं. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं केनेडींची हत्या झाली, आणि त्याच दुपारीं जॉन्सन यांनीं विमानांत शपथ घेतली. ती बातमी महाराष्ट्रांत ताजी असतांनाच, दोन दिवसांनीं, आपले मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार निवर्तले. हा चांदा जिल्ह्याचा पुरुष, बालपणीं वर्तमानपत्रें विकून शिकलेला. भंडाऱ्याच्या लोकांस तो परका नव्हता. दुसऱ्या दिवसापासून पी. के. सावंत यांनीं हंगामी कारभार पाहिला, आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. पंचांगाची आवड असणाऱ्या वाचकांसाठीं सांगतों: १९६३ चा ५ डिसेंबर गुरुवार होता, आणि २०२४ चाहि गुरुवारच. थोरले मामा त्या वेळीं शाळेंत होते. बातमी रेडिओवर आली, मधल्या अकरा दिवसांत घरांत काय बोलणें झालें, असें आम्हीं विचारलें असतां त्यांनीं बराच वेळ आठवून पाहिलें आणि म्हणाले, “अरे, कन्नमवार गेले ह्याचें बोलणें झालें.”

त्याहूनहि मागें जाऊन पाहावेंसें वाटतें. हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले. दत्तक घेण्याची राजघराण्याची इच्छा होती, वृद्ध बांकाबाई धडपडत होत्या, रेसिडेंट मॅन्सेल यांचेंहि मत अगदींच प्रतिकूल नव्हतें. परंतु कलकत्त्यास बसलेल्या डलहौसीनें २८ जानेवारी १८५४ रोजीं आपलें टिपण लिहिलें, आणि १३ मार्चला राज्य खालसा झाल्याचें जाहीर झालें. तीन महिने सबंध प्रांत वाट पाहत होता. पण त्या वाट पाहण्यास धीर म्हणणें कठीण आहे. ज्याच्या मताला कोणी विचारीतच नाहीं, त्याच्या गप्प बसण्याला धीर हें नांव शोभत नाहीं. धीर हा अधिकार असलेल्या माणसाचा गुण आहे. मत देऊन झालेलें आहे, तें मोजून झालेलें आहे, कायद्यानें जें व्हावयाचें तें होणार आहे, आणि न झालें तर न्यायालय रविवारींहि उघडतें, हें ज्यास ठाऊक आहे, त्यानेंच धीर धरावा.

आणि तो कोठपर्यंत धरावा, हेंहि पाहिलें पाहिजे; नाहीं तर आमच्या ह्या लेखाचा कोणी भलताच उपयोग करील. ५ डिसेंबरला तिघांनीं शपथ घेतली: फडणवीस मुख्यमंत्री, शिंदे आणि अजित पवार उपमुख्यमंत्री. त्यापुढें दहा दिवस राज्याचें मंत्रिमंडळ तिघांचेंच होतें. १५ डिसेंबरला नागपुरास ३९ मंत्र्यांचा शपथविधि झाला. भंडाऱ्याचे आमदार नरेंद्र भोंडेकर यांस त्यांत स्थान न मिळाल्यामुळें त्यांनीं आपल्या पक्षांतील पदांचा राजीनामा दिला. १६ तारखेस हिवाळी अधिवेशन बसलें आणि २१ ला उठलें, आणि खातेवांटप जाहीर झालें तें त्याच २१ तारखेच्या रात्रीं! म्हणजे विदर्भाचे प्रश्न मांडण्यासाठीं म्हणून भरणारें जें एकुलतें अधिवेशन, तें सबंध आठवडाभर खात्यांवांचून चाललें. धानाचा प्रश्न कोणास विचारावयाचा? शेतकी खातें कोणाचें, पणन कोणाचें? बारा दिवसांच्या विलंबाबद्दल आमची तक्रार नाहीं. पण ह्या एका आठवड्याबद्दल आहे, आणि विशेष म्हणजे ह्या आठवड्याबद्दल फारशी ओरड झाली नाहीं. ज्या वृत्तवाहिन्यांनीं एका मनुष्याच्या तापावर तीन दिवस काढले, त्यांच्यापैकीं एकीनें तरी रोज संध्याकाळीं ‘आज खातेवांटप झालें काय’ एवढाच प्रश्न विचारला असता, तर त्या प्रश्नचिन्हास आम्हीं मनापासून नमस्कार केला असता.

सानगडीच्या घरीं त्या दिवसांत एक लहानशी व्यवस्था झाली, ती थोरल्या मामींनीं केली. धाकट्या मामांचा सौदा घरांत उघड झाला तेव्हां दोघां भावांत बोलाचाली झाली. आवाज चढला असें नाहीं, पण दोन दिवस एका पंगतीला बसणें झालें नाहीं. आणि एकत्र कुटुंबांत ह्याचा अर्थ काय होतो, हें वाचकांस सांगावयास नको. पुतण्या तर अपराध्यासारखा वावरत होता. तिसऱ्या दिवशीं दिवेलागणीस मामींनीं माजघरांतील संच बंद केला आणि म्हणाल्या, “देवापुढें दिवा लागला कीं ह्याचा दिवा विझायचा. रात्रीं जेवणें झालीं कीं एकदां बातम्या, आणि मग ज्याला जें ऐकूं आलें असेल त्यानें तें कोणीं सांगितलें तें आधीं सांगावयाचें.” सुनांस हें पसंत पडलें. मुलांस अर्थातच पडलें नाहीं. थोरल्या मामांनीं आपलें धान शासकीय केंद्रावर घालावयाचें असें आधींच ठरविलें होतें व नोंदणीहि केली होती, त्यामुळें त्यांस कांहीं बोलावेंसें वाटत होतें. पण मामींच्या ह्या व्यवस्थेंत झालेल्या सौद्याविषयीं पुन्हां बोलण्यासहि बंदी होती.

पुढें २०२५ सालीं सरकारनें त्या हंगामाकरितां नोंदणी केलेल्या धान उत्पादकांस हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, देण्याचा निर्णय केला. थोरल्या मामांस ते मिळाले. धाकट्या मामांचे तीन एकर म्हणजे सुमारें एक हेक्टर आणि वर थोडें. त्यांचें नांव यादींत नव्हतें. भावांतील तूट आणि हें, दोन्हीं मिळून तीस हजारांच्या वर गेले. थोरल्या मामांनीं आपल्या रकमेंतून धाकट्यांच्या सुनेच्या बाळंतपणाचा खर्च परस्पर भागविला, हें आम्हांस मामींकडून कळलें. दोघां भावांपैकीं कोणीं तें आम्हांस सांगितलें नाहीं.

१८ जानेवारी २०२५ ला पालकमंत्र्यांची यादी आली, तेव्हां आम्ही पुन्हां सानगडीस होतों. भंडाऱ्याचें पालकत्व भुसावळचे संजय सावकारे यांच्याकडे गेलें. पुतण्यानें ती यादी मोठ्यानें वाचून दाखविली आणि, मामींच्या नियमाप्रमाणें, ती कोठें आली आहे तेंहि सांगितलें. अमुक जिल्ह्यास अमुक कां, तमुक नाराज होणार काय, असें कांहीं तो पुढें सांगूं लागला होता. धाकटे मामा पायांत वहाणा चढवीत होते. ते थांबले.

“उन्हाळी धानाच्या नोंदणीचें कांहीं आलें आहे काय?”

“अजून नाहीं, काका.”

“आलें म्हणजे सांग. आणि कागद घेऊन ये.”

एवढें बोलून ते तलावाकडच्या बांधीवर निघून गेले.